पऱ्हाटी, वैल आणि महाग सिलिंडर

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीत कापूस वेचून झाला की घरामागं पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग लागतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं जळण! २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, अनेक घरांत गॅस पोचला. पण कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, मजुरीच्या पैशांत सिलिंडर पुन्हा भरून आणणं सोपं नाही. म्हणून गॅसवर चहा, चुलीवर भाकर. यात मागासपणा कसला? सरळ हिशेब आहे.

खरी नासाडी चुलीत होते. साध्या चुलीत जळणाची जेमतेम १०-१५ टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी वाया जाते, आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत धूर. चांगल्या सुधारित चुलीत हेच प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे मोळी जवळपास निम्मी.

नवी चूल नसेल तर पऱ्हाटी कडक वाळवून, तोडून, छपराखाली ठेवा. ओल्या जळणाची आग आधी त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. तुरीची डाळ भिजत घाला, भांड्यावर झाकण ठेवा, वैल, म्हणजे चुलीचं बाजूचं तोंड, रिकामा सोडू नका.

आणि हो, किडकी बोंडं लटकलेली पऱ्हाटी साठवू नका. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून पुढचा हंगाम गाठते. ती सगळ्यात आधी चुलीत घाला.