चांदीची नसलेली टोपी

सहा वर्षांच्या पोराची दाढ किडली की आमच्याकडे पहिला निकाल आजी देते, "दुधाचीच आहे, पडायचीच आहे, कशाला हात लावता?" दवाखान्यातला निकाल उलटा. दुधाची मागची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा तोवर तीच राखते. म्हणून कीड कोरायची, सिमेंट भरायचं, आणि त्याआधी हिरडीत सुई. माझ्या वेळचं मला एवढंच आठवतं, की काकांनी माझे दोन्ही हात धरले होते आणि डॉक्टर "काही होत नाही" म्हणत होते. त्यांना काही होत नव्हतं हे खरंच.

या दोन निकालांमधून वाट काढली स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांनी. त्या मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञ नव्हत्या. साधा दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्य. हाती साधनही जुनंच होतं, पोलादाची तयार टोपी. आपल्याकडे पालक तिला 'चांदीची कॅप' म्हणतात, चांदीचा अंशही नसताना. १९५० मध्ये अमेरिकेत विल्यम हम्फ्री यांनी ती मुलांच्या दातांसाठी आणली. रीत अशी, की दाढ बधिर करायची, कीड काढायची, दाढ चहूबाजूंनी घासून बारीक करायची आणि मग टोपी चढवायची. हॉलबाईंनी टोपी ठेवली, बाकीचं सगळं गाळलं.

दाढा एकमेकींना फार चिकटून असतील तर काही दिवस आधी फटीत रबराचं बारीक कडं अडकवायचं, म्हणजे टोपीला शिरायला जागा होते. मुलाला ताठ बसवायचं. टोपी निसटून घशात जायला नको. एक-दोन मापं लावून बघायची, आत ग्लास आयनोमर सिमेंट भरायचं, दाढेवर ठेवून दाबायची आणि म्हणायचं, आता चाव. शेवटचा जोर मुलाच्याच जबड्याचा! ओघळलेलं सिमेंट पुसलं की संपलं. सुरुवातीला चावा उंच लागतो, काही आठवड्यांत जुळतो. कीड आतच राहते, पण तिचा खुराक तुटतो. तोंडातली साखर तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि जंतूंचा जोर ओसरतो.

कीड जशीच्या तशी ठेवून वर झाकण? शिकलेल्या दंतवैद्यानं कपाळाला हात लावावा अशीच ही गोष्ट. पण बाईंच्या दवाखान्यातल्या नोंदी बोलक्या निघाल्या. १९८८ ते २००१ या काळात २५९ मुलांना बसवलेल्या ९७८ टोप्यांचा हिशेब निकोला इनिस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये छापला. लेखकांत हॉलबाईही होत्या. त्याच संशोधकांनी पुढे १३२ मुलांवर रीतसर चाचणी घेतली. प्रत्येक मुलाची एक दाढ दंतवैद्यानं नेहमीच्या रीतीनं भरली, दुसरीला टोपी. ज्यांनी पसंती सांगितली त्यांतल्या ७७ टक्के मुलांनी आणि ८३ टक्के पालकांनी टोपीला कौल दिला. पाच वर्षांनी पाहिलं तर गळू किंवा नसेची सूज असे मोठे बिघाड नेहमीच्या रीतीत १६.५ टक्के दाढांत, टोपीखाली ३ टक्क्यांत. आकडे मी मुद्दाम देतोय. मुलांशी प्रेमानं वागणारे डॉक्टर सगळ्यांच्या आठवणीत असतात. ज्यांचं प्रेम असं मोजून बघता येतं ते थोडे.

रात्री ठणकणाऱ्या किंवा गळू झालेल्या दाढेला हा उपाय नाही; तिथे नसेचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. आणि टोपी दिसते, हेही खरं. त्याचं दुःख आईबापांना जास्त.

माझ्या भाचीची अशी दाढ गेल्या मे महिन्यात पडली, अर्थात टोपीसकट. पडलेला दात पत्र्यावर फेकायचा आमच्याकडचा रिवाज, पण ती ऐकेना. चमकणारी दाढ तिनं कंपासपेटीत ठेवली. माझी आई, म्हणजे तिची आजी, चष्म्यावरून बघत म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, पडायचीच आहे म्हणून?"