आप्पांचा दिवस

आप्पा घरात फक्त झोपायला येतात, असं आई म्हणायची आणि ते अगदी खरं होतं. जेवण ओटीवर, पेपर चिंचेखाली, दाढी विहिरीच्या कठड्यावर आरसा टेकवून. वसईच्या पश्चिमेला, निर्मळ आणि भुईगावच्या मधल्या पट्ट्यात आमची वाडी. सोनचाफा, केळी, अळू, थोडी पानवेल आणि कडेने ताड. गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. भेटायला येणारी माणसं त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारायची, आणि आम्हा भावंडांना आठवायचे ते त्यांचे कामाचे दिवस. त्यातला एक लिहून ठेवते. मार्गशीर्षातला बुधवार घेते, कारण गुरुवारच्या पूजेसाठी मुंबईला फुलं लागायची आणि त्या दिवशी घरात कुणालाच झोप नसायची.

पहाटे ३

सोनचाफा अंधारात काढायचा. पूर्ण उमललेलं फूल दादरला पोचेपर्यंत काळवंडतं, म्हणून पाकळ्या जेमतेम सुटू लागलेली कळी हवी. आप्पा कपाळाला बॅटरी बांधून शिडीवर चढायचे, पण हात दिव्याच्या आधी वासाने कळीपर्यंत पोचायचा. देठ दोन बोटांत धरून हलकेच मुरडायचा, ओढायचा नाही. ओढला की पुढचा डोळा जातो. उंचावरच्या कळ्यांना बांबूची आकडी. खाली टोपलीत केळीचं पान, त्यावर ओलं फडकं, त्यावर फुलं. मोजणी माझ्याकडे. "बाय, शंभर झाले की मोठ्याने सांग," असं वरून ओरडायचे आणि मी सांगितलं की तिकडून एक शीळ यायची. थंडीत चाफा कमी येतो आणि भाव चढतो, तरी जुन्या झाडाच्या शेंड्याला ते हात लावत नसत. तिथे सूर्यपक्ष्यांची ये-जा असते, एवढंच कारण सांगायचे. शिडीवरून उतरल्यावर दोन फुलं मोरीच्या खिडकीत ठेवून जायचे. ती आईच्या अंबाड्याची. त्याबद्दल दोघं कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

फुलांबरोबर डहाळे. मार्गशीर्षातल्या कलशाला पाच झाडांचे डहाळे लागतात: आंबा, पेरू, चिकू, जे मिळेल ते. आप्पा एकाच झाडाला ओरबाडायचे नाहीत. वाडीभर फिरून प्रत्येकाकडून थोडं मागून आणल्यासारखं आणायचे.

पहाटे ४.३०

दादाच्या सायकलवर टोपल्या, पुढे आप्पा चालत. वसई रोडहून मालडबा. त्या डब्यात भाजीवाल्या मावश्या, मासळीच्या पाट्या, दुधाचे कॅन. मावशीची पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला आप्पा आधी उतरायचे, मग स्वतःच्या टोपलीला हात घालायचे. दादरला सेनापती बापट मार्गावरच्या फुलबाजारात उजाडायच्या आत व्यवहार उरकायचा. पैशांवरून घासाघीस त्यांना जमली नाही. माल चांगला असला की फार बोलावं लागत नाही, असा त्यांचा समज होता आणि बहुतेक वेळा तो खरा ठरायचा.

सकाळी ८

सगळी वसई मुंबईकडे निघालेली असताना आप्पा रिकाम्या विरार गाडीने परत यायचे. ही वेळ त्यांची एकट्याची. भाईंदर सुटलं की दारात उभे. खाडीच्या पुलावर गाडी आली की एका बाजूला पाणजू बेट, दुसऱ्या बाजूला ओहोटीचा चिखल, आणि त्यात बगळे, तुतवार, कधी पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. घरी आल्यावर हिशेबाच्या आधी आम्हाला ते ऐकायला मिळायचं. कोणते पक्षी आले, कोणते अजून आले नाहीत. पक्ष्यांचं पुस्तक त्यांनी कधी हातात धरलं नाही. नावं त्यांच्या वडिलांकडून आणि खाडीवरच्या कोळ्यांकडून आलेली. माझ्या मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी चित्रांचं पुस्तक आणलं, तेव्हा आप्पांनी चष्मा लावून एकेक पान उलटलं आणि ओळखीच्या प्रत्येक पक्ष्यावर बोट ठेवून तो कुठे बसतो ते सांगितलं. पुस्तकात छापलेला अधिवास त्यांच्यापुढे अगदीच मोघम वाटला.

सकाळी ९.३०

तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, चहा. मग पाणी.

आमच्या वाडीची खरी मालकीण म्हणजे बावखल. वसईबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. समुद्र इतका जवळ की विहीर जास्त उपसली तर पाणी मचूळ होतं. म्हणून आमच्या पूर्वजांनी वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची ही तळी खोदून ठेवली. पावसाचं पाणी बावखलात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरींना झरे देतं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. काठावर रहाट असायचा. बैल गोल फिरायचा, पोहऱ्यांची माळ पाणी वर आणायची आणि ते पाटाने वाडीत जायचं. आप्पांच्या लहानपणी त्यांचं काम बैलामागे चालण्याचं. नंतर रहाटाच्या जागी मोटर आली. मोटर लावली की पोरं घरात पळतात, ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत होती, म्हणून पाटाचं दार फिरवायचं काम त्यांनी आमच्याकडेच ठेवलं. अनवाणी उभं राहायचं, एका केळीचं आळं भरलं की फावड्याने माती ओढून पाणी दुसऱ्या आळ्यात सोडायचं. पाणी कमी पडलं की केळीचं पान दुपारी कसं मिटतं, जास्त झालं की कडा कशा पिवळ्या पडतात, हे तिथे उभं राहून शिकलो. पोहायलाही आम्ही भावंडं त्याच बावखलात शिकलो, सुका भोपळा पाठीला बांधून, काठावर आप्पा.

दुपारी १

भात, कालवण. ओटीवरच्या बाजल्यावर थोडा वेळ डोळा. इथे लिहिण्यासारखं काही नाही. आप्पांना दुपार आवडायची नाही.

दुपारी ३

आत्याचं घर आगाशीचं आणि आगाशी सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध. राजेळी केळी पूर्ण पिकू द्यायची, सोलून उन्हात वाळत घालायची आणि रोज उलटवायची. हळूहळू रंग मधासारखा होतो, अंगावर चिकट चकाकी येते. मग सुक्या केळीच्या पानात गुंडाळून बांधायची. आत्याने शिकवलेलं हे काम आप्पा घरापुरतं करायचे, विकायला नाही. थंडीच्या कोरड्या उन्हात नातवंडं राखणीला बसायची, हातात काठी, कावळ्यांसाठी. राखणदारच अर्धी खाऊन टाकतात हे आप्पांना ठाऊक होतं. म्हणून ते घड जास्तच पिकत घालायचे.

संध्याकाळी ५

सायकल, मागे एक नातवंड, पुढे एक, आणि भुईगावचा किनारा. सुरूच्या झाडांखाली चपला काढून ओल्या वाळूवर चालायचं. आप्पा थबकले की सगळ्यांनी थबकायचं, कारण त्यांना काहीतरी दिसलेलं असायचं. रविवारी हाच वेळ लांबायचा. वसईच्या किल्ल्यात जायचे, तेव्हा चिमाजी अप्पांनी १७३९च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून तो कसा घेतला हे सांगता सांगता पडक्या भिंतीतून उगवलेल्या वडाची मुळं दाखवायचे. महाशिवरात्रीला तुंगारेश्वर चढायचो. २००३ साली ते जंगल अभयारण्य झालं, पंच्याऐंशी चौरस किलोमीटरचं, तेव्हा आप्पांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. त्यांच्या स्वतःच्या बढतीचे पेढे कधी वाटायचे नव्हते, ती हौस त्यांनी इथे भागवली.

संध्याकाळी ७

थंडीत कधी उकडहंडी. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी, हिरवं वाटण. आई सगळं मडक्यात रचायची, तोंडाशी रानपाला कोंबायची, आणि आप्पा अंगणात मडकं उपडं घालून भोवती पालापाचोळा पेटवायचे. झालं की नाही हे ते मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून ओळखायचे, चुर्र आवाजावरून. उघडायचा मान सर्वांत लहान मुलाचा. मुंबईहून सासरच्या मंडळींना घेऊन मी पहिल्यांदा आले, तेव्हा सगळे राखेभोवती पाटांवर बसून जेवले. माझ्या सासूबाईंना जमिनीवर बसवेना, तर आप्पांनी केळीचे दोन बुंधे आडवे रचून त्यांच्यासाठी बैठक केली आणि स्वतः त्यांच्या शेजारी उकिडवे बसले.

रात्री ९

जेवणं उरकल्यावर कधी कधी माणसं यायची. वसई-विरार वाढत होतं. २००९ साली महापालिका झाली, त्याच्या आधीपासूनच वाड्या विकल्या जात होत्या, बावखलं भरावाखाली जात होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या लढ्यात आप्पा तरुणपणी चालले होते. पण घरी आलेल्या माणसाशी ते वाद घालत नसत. त्याला पाणी द्यायचे, बॅटरी घ्यायचे आणि बावखलाच्या काठावर न्यायचे. एप्रिलमध्ये पाणी कुठवर असतं ती खूण दगडावर दाखवायचे. आसपासच्या कुठल्या कुठल्या घरांच्या विहिरी याच पाण्यावर आहेत, ती घरं नावानिशी मोजायचे. मग विचारायचे, "यातल्या कुणाला सांगू, तुझं पाणी विकलं म्हणून?"

या उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी, मुलांनी, शेजारच्या दोन घरांनी मिळून बावखलातला गाळ काढला. गाळ चाफ्याच्या आळ्यांत घातला. जून लागताच पाणी दगडावरच्या खुणेच्या वर गेलं. माणसं अजूनही येतात. दादा बॅटरी घेतो आणि त्यांना काठावर नेतो.