आधी डोक्यावरचं ओझं, मग रंगरंगोटी

जुनं घर दुरुस्त करायचं ठरलं, की घरातला प्रत्येक जण आपापली यादी घेऊन बसतो. आमच्या उमरग्याच्या घरातही तसंच झालं. पत्नीला स्वयंपाकघरात ओटा हवा होता, मुलाला मोठी खिडकी. पुण्याहून आलेला धाकटा भाऊ म्हणाला, ‘दादा, हे माळवद काढ आणि सरळ स्लॅब टाक.’ आई काहीच बोलली नाही. तिचं म्हणणं आम्हाला ठाऊक होतं. 1993 नंतर ती माळवदाखाली कधी झोपलीच नव्हती. थंडी असो की पाऊस, तिची बाज अंगणातल्या पत्र्याखालीच असायची.

30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट या भागात कुणाला सांगायला नको. 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. औसा तालुक्यातलं किल्लारी, तेव्हा आपल्या उमरगा तालुक्यात आणि आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर, अशी गावं काही क्षणांत ढिगारा झाली. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ 8 हजार माणसं गेली. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत जुनी घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती. अशा कामांवर मी तरुण अभियंता म्हणून उभा राहिलो होतो. दुसऱ्याच्या घराला सल्ला देणं सोपं असतं. आपल्या घराची वेळ आली, तेव्हा मी आधी कागद घेतला आणि सगळ्यांच्या याद्यांच्या वर एकच प्रश्न लिहिला: या घरात ओझं किती आहे आणि ते कोण वाहतं?

हिशेब साधा आहे. दहा फूट बाय पंधरा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर ती दहा टनांच्या आसपास भरते. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आपण आणखी पांढरी माती टाकतो. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, पण काढली कुणीच नाही. भूकंपात घराला बसणारा हिसका घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. म्हणजे हे ओझं आपणच वर्षानुवर्षं डोक्यावर वाढवत आलो.

मग भावाचा स्लॅब काय वाईट? त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला, तर तो साडेचार टनांच्या आत बसतो. पण माळवद लाकडी खांबांवर आणि तुळयांवर उभं असतं. स्लॅब मात्र टेकवला जातो भिंतीवर. आणि आपल्या जुन्या भिंती दिसायला दोन-अडीच फूट जाड असल्या, तरी आतून एकसंध नसतात. बाहेर एक दगडी पदर, आत एक पदर, मध्ये चिपा आणि माती. हादरा बसला की हे पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगून ढासळते. 1993 मध्ये भिंती बाहेर पडल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत असल्यामुळे छत उभं राहिलं, अशीही घरं होती. भाऊ हे ऐकून म्हणाला, ‘म्हणजे घर तगवलं ते लाकडानं!’ स्लॅबचा विषय तिथंच संपला.

कामाचा क्रम मग आपोआप ठरला. पहिल्यांदा माळवदाची माती उतरवली. किलचनावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून, पन्हाळीकडे उतार देऊन, फक्त आठ इंच माती परत घातली. दहा टनांचे साडेचार टन झाले. नंतर सुतार आला. वाळवी लागलेले दोन खांब बदलले. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरपे लाकडी टेकू ठोकून लोखंडी पट्ट्या बसवल्या, म्हणजे चौकट एका बाजूला झुकणार नाही.

तिसरं काम भिंतींचं. साधारण मीटरभर अंतरावर दगड हलकेच काढून आरपार भोकं केली, त्यांत सळई घालून काँक्रीट भरलं. दोन्ही पदर असे एकमेकांना बांधले गेले. दारं-खिडक्यांच्या वर, आतून आणि बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा घराभोवती फिरवला. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधावं, तसं हे काम असतं.

एवढं झाल्यावर याद्या उघडल्या. मुलाला हवी असलेली खिडकी कोपऱ्यापासून दोन फुटांवर येत होती. कोपरा हा भिंतीचा जीव. तिथं भोक पाडायचं नाही. त्याला खिडकी मिळाली, पण लहान आणि भिंतीच्या मध्यावर. उजेडासाठी माळवदातलं जुनं सवणं दुरुस्त करून वर काच बसवली. पत्नीचा ओटा झाला. न्हाणीघर मात्र अंगणात वेगळं बांधलं, जुन्या भिंतीपासून फट सोडून. मातीत बांधलेल्या भिंतीला रोजचं पाणी लावायचं नाही, आणि हादऱ्यात दोन बांधकामं एकमेकांवर आपटू द्यायची नाहीत. रंग कोणता, हा वाद शेवटच्या आठवड्यात झाला आणि अर्ध्या तासात मिटला.

किल्लारीच्या आधी हा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 मध्ये तो विभागच रद्द झाला आणि आपण तिसऱ्या विभागात आलो. नकाशे बदलतात, घर मात्र आपल्यालाच बदलावं लागतं. प्रत्येक घर वेगळं असतं, म्हणून जाणकार अभियंत्याला दाखवूनच भिंतीला हात लावा. पण आपल्या माळवदावर माती किती आहे, हे मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

काम संपलं त्या संध्याकाळी आईनं खांबांना लावलेल्या टेकूंवरून हात फिरवला. वर किती माती आहे ते विचारलं. मी वीतभर दाखवली. ‘एवढीच?’ म्हणाली. मग नातवाला हाक मारून तिनं बाज आत आणायला सांगितली.