माइकच्या आधी खोली

घरी गाणं रेकॉर्ड करायला तीस हजार रुपये बाजूला काढले, की त्यातले वीस-पंचवीस हजार बहुतेक लोक माइकवर घालतात. उरलेल्या पैशांत साउंड कार्ड, हेडफोन आणि स्टँड बसवतात, आणि खोलीसाठी काहीच राहत नाही. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. माइक फक्त गळा ऐकत नाही. गळ्यातून निघून भिंती, छत आणि फरशीवर आपटून परतलेला आवाजही तो तितक्याच इमानाने टिपतो. माइक जितका महागडा आणि संवेदनशील, तितकी ती खोली रेकॉर्डिंगमध्ये जास्त स्पष्ट उतरते. म्हणून घरच्या रेकॉर्डिंगचा पहिला खर्च आणि पहिला विचार खोलीचा असायला हवा, त्यानंतर माइक कुठे ठेवायचा याचा, आणि माइक कोणता हा प्रश्न त्याच्याही नंतरचा.

आपल्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली घेऊ. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि दहा फूट म्हणजे तीन मीटरांहून थोडं जास्त. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरी नेमक्या मावतात, त्या अशा खोलीत सुमारे ५६, ११२ आणि १६९ हर्ट्झवर येतात आणि तिथे आवाज फुगतो. खोली चौरस असली की दोन्ही जोड्यांच्या भिंती त्याच आकड्यांना जोर देतात. छतही दहा फुटांच्या जवळपास असेल तर तिसरा जोर मिळतो. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा विचार करा. त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो, म्हणजे मंद्रातला कोमल धैवत येतो जवळपास १११ वर. दरबारी कानडाचा बराच भार ज्या स्वरावर, नेमका तोच स्वर ही खोली स्वतःच्या मर्जीने मोठा करणार. शिवाय माइक खोलीच्या बरोबर मध्यावर असेल तर ११२ हर्ट्झचा फुगवटा तिथे सर्वांत जास्त असतो. भिंतीपासून अडीच फुटांवर तो बराच कमी होतो. माइक दोन-तीन फूट सरकवायला एक पैसाही लागत नाही, आणि हा दोष कुठलाही माइक बदलून जात नाही.

खालच्या स्वरांचं हे असं. वरच्या स्वरांना उघडी फरशी आणि भिंती त्रास देतात. बैठक मारून गाताना तोंडातून थेट आलेला आवाज आणि फरशीवरून उसळून आलेला आवाज यांच्या वाटेत ३४ सेंटिमीटरचा फरक पडला, तर दुसरा आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. मग ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही लहरी एकमेकींना खाऊ लागतात. आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो तो यामुळे. यावर बाजारात इंचभर जाडीचा फोम मिळतो, पण तो फक्त तार स्वरांची चमक शोषतो. १०० हर्ट्झच्या लहरीची पाव लांबीच ८६ सेंटिमीटर भरते, तिच्यापुढे इंचभर फोम काय करणार? फोमने सगळ्या भिंती मढवलेली खोली म्हणूनच वरून मेलेली आणि खालून घुमणारी अशी विचित्र होते. अंड्यांचे ट्रे तर त्याहून कुचकामी. त्यापेक्षा गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर टाकलेल्या जाड गोधड्या, खाली सतरंजीवर आणखी एक गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या कापसाच्या गाद्या जास्त काम करतात. गोधडी भिंतीला चिकटवू नये, वीतभर अंतर सोडावं. मागच्या हवेमुळे ती आणखी खालचे स्वर शोषते.

भाड्याच्या घरात राहणारे विचारतील की खिळा ठोकायची परवानगी नाही, तर खोली सुधारायची कशी? वरच्या यादीत खिळा लागेलच असं काही नाही. बाहेरची रिक्षा आणि शेजारचा कुकर मात्र गोधडीने थांबत नाही, हे मान्य करायला हवं. आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. अडवायला जड भिंत आणि हवाबंद दार लागतं, ते घरी परवडत नाही. तिथे वेळ निवडणं, पंखा बंद करणं आणि माइक जवळ घेणं, एवढंच हातात राहतं.

पण माइक जवळ घेणं ही छोटी गोष्ट नाही. तोंडापासून माइकचं अंतर ६० सेंटिमीटरवरून १५ वर आणलं की थेट आवाज १२ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमार आणि बाहेरचा गोंगाट होता तितकाच राहतो. आवाज आणि गोंगाट यांच्यातला एवढा फरक दुकानातून आणलेली कोणतीही वस्तू देत नाही. फार जवळ गेलं तर एकाच दिशेने ऐकणारे माइक खालचे स्वर अवास्तव फुगवतात आणि श्वासाचे फटकेही येतात. म्हणून सुगम गायनाला एक वीत, ख्यालाला त्याहून थोडं जास्त अंतर ठेवून माइक ओठांच्या किंचित बाजूला वळवावा. अंतराचं हे शास्त्र नवं नाही. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा यंत्राला वीज नव्हती, गेनचं बटण नव्हतं, मिक्सिंग तर नव्हतंच. समोर एक कर्णा. कोण त्याच्या किती जवळ बसतो, यावरच गायन आणि साथीचा तोल ठरायचा.

मोठ्या स्टुडिओंत लाखांचे माइक असतात, मग तिथले लोक वेडे आहेत का, हा आक्षेप रास्त आहे. ते वेडे नाहीत. ते माइक ज्या खोल्यांत उभे असतात त्या बांधतानाच ध्वनीचा विचार झालेला असतो, म्हणून तिथे महाग माइकचं मोल वसूल होतं. घरगुती ध्वनिमुद्रणाचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का' या अल्बमचा आहे. १९८१-८२च्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात त्याने चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, शुअर एसएम ५७ या साध्या डायनॅमिक माइकच्या जोडीने ही गाणी नोंदवली. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह तीच गाणी करून पाहिली आणि अखेर घरातली कॅसेटच अल्बम म्हणून आली. स्वस्त यंत्र नेहमी पुरेसं असतं, असं यातून सिद्ध होत नाही. त्या गाण्यांना तो खरखरीत एकांत शोभला. पण यंत्राच्या किमतीवरून रेकॉर्डिंगचा दर्जा ठरत नाही, एवढं नक्की दिसतं. घुमणाऱ्या घरात मी तरी संवेदनशील कंडेन्सरपेक्षा असाच डायनॅमिक माइक आधी सुचवेन. साउंड कार्डाबद्दल फार डोकं शिणवायची गरज नाही. दोन इनपुटचं, २४ बिटचं कोणतंही बरं कार्ड चालतं. २४ बिटांत जागा इतकी असते की सर्वांत मोठा सूरही शून्याच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवावा, लाल दिव्याशी झटापट करू नये.

'राहिलेलं मिक्सिंगमध्ये बघू' असं सर्रास म्हटलं जातं. पण मिक्सिंगही त्याच खोलीत होतं. स्पीकर लावून ऐकणारा जिथे बसलाय तिथे खोली एखादा खालचा स्वर गिळत असेल, तर तो डग्गा वाढवत जातो, आणि तेच गाणं दुसऱ्याच्या गाडीत नुसतं धबधबतं. लहान खोलीत म्हणूनच निम्मं काम हेडफोनवर करावं. शिवाय कानाचा स्वतःचा स्वभाव आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्याला खालचे स्वर कमी ऐकू येतात. जोरात लावून केलेलं मिक्स भरदार वाटतं आणि हळू लावलं की त्याचा भराव गळून जातो. आवाजाची एक मध्यम पातळी ठरवावी आणि ती हलवू नये. सुरुवातीला कुठलाही इफेक्ट न लावता फक्त ट्रॅकांच्या पातळ्या जुळवाव्यात. गाण्याच्या ट्रॅकवरची ८० हर्ट्झखालची घरघर कापावी, डग्ग्याच्या ट्रॅकवर मात्र तिथे हात लावू नये. ईक्यूने वाढवण्याआधी काय कमी करता येईल ते पाहावं. शेवटी फोनच्या एकाच स्पीकरवर शब्द कळतात का ते ऐकावं.

आता एक नवा आक्षेप येतो. घुमार काढून टाकणारी हुशार सॉफ्टवेअर आली आहेत, मग गोधड्यांचा खटाटोप कशाला? बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर ती खरोखर चांगलं काम करतात, कारण दोन शब्दांमध्ये शांतता असते आणि त्या शांततेत उरलेला आवाज खोलीचाच असतो. आपल्या संगीतात तशी शांतता सापडत नाही. तानपुऱ्याची तार छेडल्यावर तिची आस लांबते, पुढची तार तीत मिसळते, आणि त्यावर मींड सावकाश उतरते. हळूहळू विरत जाणं हा आसेचाही गुण आणि खोलीच्या घुमाराचाही. सॉफ्टवेअर दुसऱ्याला छाटताना पहिलीलाही छाटतं, मग तानपुरा तुटक वाजू लागतो. कोरड्या रेकॉर्डिंगवर पाहिजे तेवढा रिव्हर्ब नंतर चढवता येतो. गाण्यात मुरलेली खोली वेगळी काढायची, तर तिच्याबरोबर थोडं गाणंही जातं.