पंचवीस सांगितलं तर मूल ५२ का लिहितं?



आपल्या गटांत पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आया पुष्कळ आहेत. एखादी ताई म्हणते, "पंचवीस लिही म्हटलं की पोरगं ५२ लिहितं. गणितात डोकंच नाही त्याला." ताई, डोकं आहे. त्याने जसं ऐकलं तसंच लिहिलंय.

बोलून बघा. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. 'एकोणतीस' तर त्याहून अवघड. कानावर 'तीस' पडतं म्हणून मूल ३९ लिहितं. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कन्नड-तेलुगूत आधी वीस म्हणतात, मग पाच. तिथे हा गोंधळ होत नाही. म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात नेहमीच्या नावांसोबत 'वीस एक, वीस दोन' असं वाचनही दिलं. त्यावर तेव्हा खूप वाद झाला. पण घरी समजावताना ही युक्ती कामाला येते: "पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच."

काड्यांच्या जुड्या

नुसतं तोंडी सांगून भागत नाही, हाताला कळायला हवं. झाडूच्या ५० काड्या सारख्या तोडा. दहा-दहाची जुडी रबराने बांधायला मुलालाच सांगा. मग म्हणा, "पंचवीस दे." दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे. आता तसंच पाटीवर लिहायचं.

बेरीजही अशीच. सत्तावीसात आठ मिळवा. सुट्या काड्या झाल्या पंधरा. त्यातल्या दहा बांधल्या की नवी जुडी झाली, ती डावीकडे गेली. तीन जुड्या, पाच सुट्या, म्हणजे ३५. शाळेत 'हातचा एक' म्हणतात तो हाच! तो एक नसतो, दहाची जुडी असते. एवढं कळलं की मूल हातचा विसरत नाही.

काड्या नसतील तर बचतीचे पैसे मोजताना जवळ बसवा. दहाच्या नोटा म्हणजे जुड्या, एकची नाणी म्हणजे सुटे.

बिरड्याच्या वालातलं विज्ञान

बिरड्यासाठी आपण वाल भिजत घालतोच. त्यातले वीस वाल बाजूला काढा. दहा ओल्या फडक्यात बांधा, दहा पाण्यात बुडवूनच ठेवा. आणखी दहा कोरडे ठेवा. आधी विचारा, "कुठल्या वालांना मोड येतील?" उत्तर चुकलं तरी लगेच सुधारू नका. दोन-तीन दिवस रोज बघून मोजू द्या. कोरडे तसेच राहतात. फडक्यातल्यांना छान मोड येतात. बुडवून ठेवलेले वास मारू लागतात, कारण बी पण श्वास घेतं; त्याला पाणी हवं तशी हवाही हवी. शेतात पाणी तुंबलं की पेरलेलं बी का कुजतं, तेही इथेच कळतं. आधी अंदाज, मग बघणं, मग कारण शोधणं. विज्ञान म्हणतात ते हेच.

ही वाट आपल्याच भागातली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. ही गावं २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, आता पालघरमध्ये आहेत. महागडी साधनं न आणता पानं, बिया, खडे, शिंपले घेऊन, पाड्यावरच्या अंगणात त्या मुलांना शिकवत.

निपुण भारत अभियानात तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधं गणित यावं, असं ठरलं आहे. तिथे जो कच्चा राहिला, त्याला पुढचा भागाकार, अपूर्णांक सगळंच जड जातं. म्हणून 'ढ' हा शब्द घरातून काढून टाका. आपलं शिक्षण कमी झालंय म्हणून मागे राहू नका. गटाचा हिशोब, व्याज, हप्ता आपण चोख सांभाळतो. दहाच्या जुड्या बांधायला तेवढं पुरतं.

पुढच्या बैठकीला येताना काड्या आणि मुलं, दोन्ही घेऊन या. हिशोब झाल्यावर पंधरा मिनिटं त्यांच्यासाठी ठेवू.