उस्मानी लेखनपरंपरा आणि तिचे प्रामाण्य

कुराणाच्या प्राचीन हस्तलिखितांत अक्षरांचा जो मूळ सांगाडा आढळतो, त्यास अरबी पंडित ‘रस्म’ अशी संज्ञा देतात. तिसरे खलीफा उस्मान (इ. स. ६४४–६५६) यांनी सिद्ध करविलेल्या प्रतींशी परंपरा त्याचा संबंध जोडते. या लेखनात ऱ्हस्व स्वर दाखविले जात नसत. समानाकृती व्यंजनांतील भेद दर्शविणारे नुक्ते विरळाच दिले जात. आणि दीर्घ ‘आ’ दर्शविणारा अलिफ शब्दाच्या मध्यभागी अनेकदा गाळला जाई. पहिल्या अध्यायातील ‘मलिक’ (राजा) व ‘मालिक’ (स्वामी) हे दोन्ही मान्य पाठ एकाच लेखनात सामावतात, ते याच कारणाने. ‘सलात’, ‘जकात’ इत्यादी शब्दांत तर ‘आ’च्या स्थानी वाव लिहिलेला दिसतो. काही अभ्यासक त्यात हिजाजमधील जुन्या उच्चाराची खूण पाहतात.

पुढे अरबी शुद्धलेखनाचे नियम बदलले. तथापि नव्या पद्धतीने कुराणाची प्रत लिहावी काय, या प्रश्नास मालिक इब्न अनस (मृत्यू ७९५) यांनी नकारार्थी उत्तर दिले, असे अद-दानी (मृत्यू १०५३) नमूद करतो. याउलट इब्न खल्दून (१३३२–१४०६) याच्या मते ही विसंगत रूपे म्हणजे आद्य लेखकांच्या अपरिपक्व लेखनकलेचे फलित होय.

कारण कोणतेही असो, ही विसंगतीच आज पाठचिकित्सेचे साधन ठरली आहे. ‘निअमत’ (अनुग्रह) हा शब्द षष्ठीसंबंधात आला असता त्याचे अन्त्य अक्षर कोठे ‘हे’, तर कोठे ‘ते’ असे लिहिलेले आढळते. ईश्वराचे अनुग्रह मोजू गेल्यास मोजून संपत नाहीत, या आशयाचे एकच विधान १४व्या अध्यायाच्या ३४व्या आणि १६व्या अध्यायाच्या १८व्या वचनात येते. पहिल्या स्थळी ‘ते’ आहे, दुसऱ्या स्थळी ‘हे’. अर्थात वा व्याकरणात या भेदाचे कारण सापडत नाही.

मराइन फान पुटेन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात १४ प्राचीन हस्तलिखितांतील ही स्थळे ताडून पाहिली. एका स्थळी जे रूप, तेच त्या स्थळी सर्व प्रतींत आढळले. अलिफ लिहिण्या-गाळण्याच्या बाबतीत नकलकार बरेच स्वातंत्र्य घेत. येथे मात्र त्यांनी ते घेतलेले नाही. प्रत्येकाने केवळ ऐकून लिहिले असते, तर असा मेळ बसणे अशक्य होते. म्हणून या प्रती एकाच लिखित मूळ प्रतीपासून उतरल्या, असा निष्कर्ष निघतो.

या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. सना येथील मशिदीत १९७२ साली सापडलेल्या चर्मपत्रांपैकी एका प्रतीवरील खोडलेला खालचा पाठ या कुळातील नाही. अर्थात उस्मानी पाठाहून भिन्न असा पाठही एके काळी लिखित रूपात प्रचलित होता. परंतु उस्मानी कुळापुरते पाहता, वरवर सदोष भासणारे लेखनच पाठाच्या वंशपरंपरेची साक्ष देते. प्राचीन प्रतीतील अनियमित रूप संपादकाने ‘शुद्ध’ करून टाकू नये, याचे याहून सबळ कारण क्वचितच सापडेल.