छापील सहीच्या बॅटी

माझ्याकडे नामवंत क्रिकेटपटूंच्या सहीच्या एकतीस बॅटी आहेत, असे सांगितले की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. पुढचे वाक्य ऐकले की ते पुन्हा पहिल्यासारखे होतात. कारण यांतल्या एकाही बॅटीला त्या क्रिकेटपटूचा कधी हात लागलेला नाही. सही आहे, पण छापील! गावसकर, कपिल देव, अझरुद्दीन, सचिन अशी नावे कारखान्यातच पात्यावर उमटवून दुकानात आलेल्या या बॅटी. पुण्याच्या सहकारनगरात रोहन पाटे यांनी उभारलेले 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय आहे. २०१२ साली खुद्द सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिथल्या बॅटींनी प्रत्यक्ष मैदाने गाजवली आहेत. माझ्या बॅटींनी गाजवली ती शेवगाव, पाथर्डी आणि नेवासे तालुक्यांतली काढणी झालेली रानेच.

अमेरिकेत हा छंद फार जुना आणि प्रतिष्ठित आहे. तिथे बेसबॉलचे हातमोजे जमवतात. बिल डोक या गोलंदाजाच्या नावाचा हातमोजा रॉलिंग्ज कंपनीने १९२० मध्ये बाजारात आणला आणि तो पुढे तीस वर्षांहून अधिक काळ खपत राहिला. बेब रूथ, मिकी मँटल यांच्या छापील सहीचे मोजे तिथल्या पोरांनी घातले, फाडले, माळ्यावर टाकले. आता पिकल्या केसांची माणसे ते शोधत फिरतात. क्रिकेटमध्ये हा मान ब्रॅडमनला. यॉर्कशायरच्या विल्यम साइक्स कंपनीने डॉन ब्रॅडमनच्या सहीच्या बॅटी विकल्या. नाव त्याचे, धावा ज्याच्या त्याने काढायच्या!

आपल्याकडची गोष्ट सियालकोटपासून सुरू होते. केदारनाथ आणि द्वारकानाथ आनंद या बंधूंनी १९३१ साली तिथे खेळाच्या साहित्याचा व्यवसाय सुरू केला. फाळणीत सियालकोट पलीकडे गेले आणि हा सारा धंदा, कारागिरांसकट, उखडला. कोणी जालंधर धरले, कोणी मेरठ. आनंद मंडळींची 'एस.जी.' मेरठची झाली. पुढे याच कंपनीने गावसकरांच्या लाडक्या नावावरून 'सनी टॉनी' नावाची बॅट काढली. निर्वासितांच्या हातची बॅट, मुंबईच्या फलंदाजाचे नाव आणि ती धरणारा शेवगावचा पोरगा, अशी ही साखळी आहे.

त्या पोराला ती सही का हवी असे, हे आज समजावून सांगावे लागते. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे भारताकडून खेळले, ही पुढची गोष्ट. त्याआधी कसोटी क्रिकेट आम्हाला फक्त ऐकू येई. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते समालोचन कानाशी रेडिओ धरून ऐकायचे आणि मग अंगणातले धोपाटणे उचलून रानात जायचे. (धुणे खोळंबले की आईचे समालोचन सुरू होई, ते वेगळे.) अशा ठिकाणी एखाद्याच्या मामाने नगरहून सहीची बॅट आणली, म्हणजे आख्ख्या आळीत गावसकर आल्यासारखे वाटे.

मला या बॅटी मिळतात भंगारवाल्यांकडे, कुणाच्या गोठ्यात किंवा शाळेच्या अडगळीत. शाळेत जडसंग्रह नोंदवही असते आणि निर्लेखन झाल्याशिवाय मोडकी बॅटसुद्धा बाहेर पडत नाही, त्यामुळे काही नमुने उत्तम टिकले आहेत. एरवी वाळवी नाही तर चूल! वाळलेले विलोचे लाकूड हलके असते, पटकन पेटते.

बॅट हातात आली की मी आधी पाठ बघतो. पुढची बाजू सगळेच सजवतात, पाठीवर खरे आयुष्य असते. तळाला सुताराने मारलेले खिळे, लोहाराने ठोकलेला पत्रा, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी, चीर पडलेल्या जागी सुतळीचे घट्ट वेढे. कॉर्क बॉलचे खड्डे खोल आणि बारीक, टेनिस बॉलचे डाग नुसते मळकट. लाल डाग आमच्या भागात दुर्मीळच, कारण चामड्याचा चेंडू परवडायचा कुणाला? मग सही तपासायची. छपाईवर वर्षानुवर्षे तेल चढले की अक्षरे पिवळट होऊन लाकडात मुरल्यासारखी दिसतात. तशी नसतील तर शंका घ्यावी. १९९६ च्या विश्वचषकात सचिनने कोऱ्या बॅटीने ५२३ धावा केल्या, नंतर तिच्यावर एम.आर.एफ. या टायर कंपनीचे नाव आले आणि घरोघरच्या बॅटींवर तीच तीन अक्षरे झळकू लागली. स्टिकर वेगळे विकत मिळत; ज्याला तेही जमेना, तो स्केचपेनने काढी. माझ्याकडे अशी एक आहे, 'एफ' उलटा असलेली. ती मी खोटी मानत नाही.

तेलाचे म्हणाल तर जवसाचेच, तेही कच्चे. आमच्याकडे जवस चटणीसाठी घरात असतोच. पावसाळा सरला की पातळ हात फिरवायचा आणि बॅट आडवी ठेवायची. जास्त तेल पाजले तर पाते जड आणि मऊ पडते.

आता एका बॅटीविषयी सांगतो, जी माझ्याकडे नाही. जायकवाडीच्या पाणलोटाकडच्या एका गावात ती आहे. गावसकरांच्या सहीची. १९८४ मध्ये अकरा पोरांनी वीस-वीस रुपये वर्गणी काढून घेतली. बॅट एकट्याची होऊ नये म्हणून दाभण तापवून पाठीवर अकराजणांची आद्याक्षरे डागली. परदेशी संग्राहक याला सरळ 'नुकसान' म्हणेल आणि किंमत निम्मी करील. मला ती बघताच हवी झाली. दसरा झाला की त्यांतले चौघे कोयता घेऊन ऊसतोडीला जात, म्हणजे ऐन मोसमात संघात सातच उरत. बॅट मात्र दुसऱ्या गावाला कधी उसनी दिली नाही.

ज्यांच्या घरी ती होती ते म्हणाले, "माझ्या एकट्याची न्हाई ती. अकरा जणांना इचारा." मी विचारत गेलो. एकजण चाकणला कारखान्यात, दोघे अजून उसाच्या फडावर, एक पुण्यात रिक्षावर. कुणी हसून हो म्हटले, कुणी फोनवरच डावावर डाव सांगू लागले. दहाजणांचा होकार मिळाला. अकरावे हयात नव्हते. त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा दिला, मग विचारले, "घेऊन काय करनार, भाऊ?"

"जपून ठेवीन, ताई."

"मंग चाळीस वर्सं आमी काय फेकून दिली व्हती का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, त्यांच्या मालकांचे नाव लिहिलेल्या वस्तू घरात दोनच, रेशनकार्ड आणि देवळात ठेवलेले भजनी मंडळाचे टाळ. तिसरी ती बॅट. गावात आहे तोवर जाता-येता दिसते. मी पुढे आग्रह धरला नाही. संग्राहकाने पिच्छा सोडू नये म्हणतात, पण त्या घरात तो नियम मला पाळवेना.

दरवर्षी दिवाळीआधी जवसाचे तेल आणि मऊ फडके घेऊन मी तिकडे जातो. यंदा तेल लावत बसलो असताना सात-आठ वर्षांचा एक मुलगा शेजारी येऊन टेकला. त्याने सहीवरून बोट फिरवून नाव लावले आणि म्हणाला, "हे टीव्हीवर बोलत्यात तेच का? ते खेळायचे पन?"

ओट्यावरचे आजोबा ताडकन सरळ बसले आणि १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यापासून, त्या ७७४ धावांपासून सुरू झाले. माझे तेल लावून झाले, बॅट सुकायला ठेवली, तरी त्यांचा त्रिनिदाद यायचाच होता.